फुगवट्याच्या काठाला चौफेर पिचिंग? अजिबात नको

काठावरची: काल कोणीतरी लिहिलं, 'खडकवासला धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे मागे साठलेल्या पाण्याचा, काठ दरवर्षी ढासळतोय, चौफेर दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर करून टाका, चौपाटीही देखणी होईल.' वाचून राहवलं नाही. उतरत्या काठावर लाट वर चढते आणि तिथेच दमते. उभ्या दगडावर आपटली की मागे फिरते आणि पायथ्याची माती उकरते. दगड जिथे संपतो तिथून पुढचा काठ आणखी खाल्ला जातो. मिशिगन सरोवराकाठी हेच झालं. २०१३ च्या जानेवारीत पाणी नीचांकाला होतं, २०२० पर्यंत सुमारे सहा फूट चढलं आणि वाळूच्या कड्यांवरची घरं खाली आली. जिथे भिंती बांधल्या तिथे समोरची पुळणच गेली, कारण वाळू पुरवणारा कडाच बंद केला.

निवृत्त उपअभियंता: ताई, मिशिगन इथे लावू नका. तिथे वाळू, इथे माती. तिथली पातळी चढायला वर्षं लागतात, आपलं धरण दर उन्हाळ्यात उतरतं. पाणी झपाट्याने उतरलं की काठातलं पाणी आतच अडकतं आणि ओली माती घसरते. पिचिंगखाली खडीचा फिल्टर नीट घातला तर पाणी निघून जातं. मी अशी कामं केली आहेत.

काठावरची: फिल्टर घालतं कोण? मे महिन्यात गोऱ्ह्याच्या पुढे एका करंजाखाली हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. वर झाड हिरवंगार, खाली नुसत्या मुळ्या. त्याच्या अलीकडेच नवं दगडकाम आहे.

सिंहगड रोडवाला: मूळ कारण कोणीच बोलत नाही. गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी! पाणी हटलं की ट्रॅक्टर घालतात, भुसभुशीत माती पावसात धरणात. आपल्या पिण्याच्या पाण्यात गाळ.

पानशेतकर: आमच्या आजोबांचं शेत त्याच पाण्याखाली आहे. पुण्याला पाणी मिळावं म्हणून गेलं. उरलेल्या चार महिन्यांच्या गाळपेरीवरही डोळा? आमची नांगरट आडवी असते. उतारावर उभी नांगरट करणारा शेतकरी दाखवा मला. रविवारी तुमच्या मोटारी थेट पाण्यापर्यंत उतरतात, त्यांच्या चाकोऱ्या उभ्या पडतात. पहिल्या वळवात त्याच ओघळी होतात.

सिंहगड रोडवाला: भावनिक होऊ नका. सगळेच आडवं नांगरत नाहीत.

पानशेतकर: जमीन गेलेल्याला भावनिक म्हणता? एक उन्हाळा येऊन राहा, मग बोला. आणि वरच्या टेकड्या पोखरून प्लॉट पाडतात त्याचा गाळ कोणाच्या नावावर?

निवृत्त उपअभियंता: चाकोऱ्यांचं खरं आहे. मी स्वतः पाहिल्यात, गुडघाभर खोल.

काठावरची: मग पिचिंगचं काय?

निवृत्त उपअभियंता: रस्ता पाण्याला चिकटलाय तेवढ्याच पट्ट्यात दगड हवाच, तिथे मी मागे हटणार नाही. बाकीच्या काठाला वाळा, निर्गुडी लावा, मोटारींना चर खणून अडवा. चौफेर पिचिंग नको, हे मान्य.

पानशेतकर: वाळा पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्या, वरच लावा, खालचा महिनोन् महिने पाण्याखाली राहतो. आणि आमची गाळपेर सोडून लावा.

काठावरची: पहिल्या पावसाआधी रोपं लागली पाहिजेत. त्या करंजापासून सुरुवात करू.