रेझिनच्या मावळ्यावर मूळ रंग एकसारखा कसा बसवावा?

प्रश्न (मालवण)
नमस्कार. दिवाळीच्या किल्ल्यासाठी 54 मिलिमीटर मापाचे रेझिनचे मावळे रंगवायला घेतले आहेत. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) अ‍ॅक्रिलिकचे मूळ रंग देत आहे. परंतु अंगरख्याचा पांढरा आणि निशाणाचा भगवा दोन्ही डागाळल्यासारखे दिसतात. जाड थर दिला तर काळा झाकला जातो खरा, पण पगडीचे पेच आणि मिशांचे कोरीव काम बुजते. शिवाय पावसाळी हवेत स्प्रेचे अस्तर पांढुरके, खरखरीत सुकते. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (रत्नागिरी)
भगवा, पिवळा आणि लाल यांची बरीचशी रंगद्रव्ये अर्धपारदर्शक असल्यामुळे खालचा काळा वर डोकावतो आणि तो दोष जाड थराने भरून काढू नये. निशाणाखाली आधी पिवळसर तपकिरी ऑकर द्यावा. लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेला हा रंग उत्तम झाकतो आणि त्यावर भगवा सहज उजळतो. अंगरख्याला फिका राखाडी द्यावा, शुभ्र पांढरा फक्त घड्यांच्या उंचवट्यांवर.

रंग दुधाइतका पातळ असावा. ब्रश भरल्यावर तो टिश्यूवर एकदा टेकवावा, नाहीतर सगळा रंग पहिल्या स्पर्शालाच खळग्यात उतरतो. पगडीवर ब्रश पेचाच्या दिशेने ओढत न्यावा आणि दोन पेचांमध्ये थेंब साचलाच, तर ओलसर, रिकाम्या ब्रशच्या टोकाने तो तत्काळ टिपून घ्यावा. पहिला थर पट्टेदार दिसतो, तो तसाच पूर्ण सुकू द्यावा. अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की त्याची साय निघून येते.

उत्तर (वेंगुर्ले)
अस्तराविषयी माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडे जून ते सप्टेंबर स्प्रे वापरूच नये. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर बसते आणि तो पांढुरका थर दिसतो. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्यावा, आणि त्याआधी मूर्ती भांड्यांच्या साबणाने धुऊन साच्याचा तेलकटपणा काढावा. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर रंग पातळ करण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरणे श्रेयस्कर.

उत्तर (सावंतवाडी)
वरील सूचनांशी सहमत आहे. आमच्या गावच्या दशावतारी गंजिफेत, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या संचात, दहा गटांच्या 120 पानांवर आधी जमिनीचा (पार्श्वभूमीचा) रंग एकसारखा बसवतात आणि मगच अवताराची आकृती येते. जमीन उंचसखल राहिली तर बारीक रेघ तिथेच फिसकटते. मावळ्याच्या बाबतीत मी आतून बाहेर येण्याचा क्रम सुचवेन: आधी त्वचा, मग अंगरखा, त्यानंतर शेला आणि पट्टे. अशाने आतल्या भागाचा रंग बाहेर गेला, तरी पुढचा थर तो झाकतो. तलवारीच्या पात्याचा धातूरंग मात्र काळ्यावरच खुलतो, म्हणून तेवढ्या भागाचे आपले अस्तर बदलू नये.