मदत हवी आहे: कोल्हापूरहून आईला दिल्लीला कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. भाचीच्या बारशाला आईला दिल्लीला न्यायचंय. ती ७४ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रेल्वेचा दीड दिवस तिला झेपणार नाही.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून आम्हाला हव्या त्या तारखेला विमान बदलूनच जावं लागतंय, मध्ये साडेपाच तास बसून राहायचं आणि भाडं माणशी १६ हजार! पुण्याहून निम्म्यात जमतंय, पण २३० किलोमीटर गाडीत बसलं की तिचा पाय सुजतो. शिवाय टॅक्सीचे पैसे वेगळेच. गोव्याचं मोपा विमानतळ मनात होतं, पण पावसात आंबोली घाट नको वाटतो.

राहिलं बेळगावचं सांबरा, साधारण ११० किलोमीटर. तिथून वयस्कर माणसांना कुणी नेलंय का? व्हीलचेअर वेळेवर मिळते का? तिकीट किती दिवस आधी काढलंत? कृपया सांगा, आई रोज विचारतेय.