चूक कुणाची ते नंतर बघू

‘बाइकवाले मस्तीत चालवतात आणि पडतात, आपण कशाला अडकायचं?’ अपघात पाहून असं म्हणणाऱ्यांच्या मताला माझा ठाम विरोध आहे.

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाटाच्या अलीकडे एक मुलगा खडीवरून घसरून पडला होता. गर्दीतून पहिलं वाक्य ऐकू आलं, ‘प्यायला असेल.’ प्यायला नव्हता. कामावरून घरी चालला होता, डब्याची पिशवी हँडलला तशीच अडकलेली. आठ-दहा माणसं उभी, पण १०८ला फोन कुणीच केला नव्हता. त्याचा मला अजून राग येतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले, त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. हे सगळे काय स्टंट करत होते?

पोलिसांच्या झंझटीची भीती मी समजू शकतो. पण २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, आणि नातेवाईक नसेल तर रुग्णालयाने त्याच्याकडे पैसे मागायचे नाहीत.

एक मात्र कळकळीने सांगतो: श्वास अडकत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि कुणाला तरी मागची वाहनं थांबवायला उभं करा.