मदत हवी आहे: ‘कॅरी अँड लोवेल’ ऐकायचा कसा?

मंडळी, अमेरिकी गायक-गीतकार सुफ्यान स्टीव्हन्सचा २०१५चा ‘कॅरी अँड लोवेल’ हा अल्बम आठवडाभर ऐकतोय आणि अडकलोय. त्याची आई २०१२ मध्ये गेल्यानंतरची ही गाणी; कॅरी म्हणजे आई, लोवेल सावत्र वडील. एवढं वाचून बसलो, तरी आधी सगळी अकरा गाणी सारखीच वाटली. ड्रम्स जवळपास नाहीतच, बोटांनी छेडलेल्या तारा आणि कुजबुजल्यासारखा आवाज.

परवा रात्री हेडफोन लावले तेव्हा कळलं, तो आवाज एकावर एक चढवलाय. आणि काही गाणी संपली तरी मागे धुक्यासारखे सूर रेंगाळत राहतात. तिथे पोटात कालवलं. का, ते सांगता येत नाही.

अडचण शब्दांची. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या त्याच्या लहानपणच्या सुट्ट्या, बायबलमधले संदर्भ, अर्धं डोक्यावरून जातं. आधी शब्द वाचून घेऊ, की सुरांवरच सोडून देऊ? तुम्ही सलग ऐकता की एकेक? (शफलवर लावायचं पाप मी केलंय, घाला शिव्या.) अशा काळोख्या वळणाचं आणखी काही असेल तर तेही सुचवा.

‘रडकं आहे, बंद कर’ हा सल्ला घरून मिळालाय, तो सोडून काहीही चालेल.