दोन लाख पळालेली डिझेल ऑटोमॅटिक: घ्यावी की लांबूनच नमस्कार?

चौथा_गिअर:
गाडी बघतोय. डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, आठ वर्षांची, रनिंग २,०५,०००. हा आकडा उच्चारला की लोक माझीच नाडी बघायला लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे, पटत नसेल तर खोडून काढा. सेकंडहँड डिझेलमध्ये नुसते किलोमीटर बघणं ही सगळ्यात आळशी परीक्षा आहे. हिशेब करा. हायवेवर ताशी ६५ च्या सरासरीने दोन लाख किलोमीटर म्हणजे इंजिन साधारण ३,१०० तास चाललं. शहरात ताशी १८ च्या सरासरीने साठ हजार किलोमीटर म्हणजे ३,३०० तास. म्हणजे "फक्त साठ हजार चाललीय हो" म्हणून जिच्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात, तिचं इंजिन जास्त वेळ फिरलंय. तेही थंड-गरम-थंड करत, सिग्नलला उभं राहून. गिअरबॉक्सचं तर विचारूच नका. हायवेची गाडी सहाव्यात पडली की तासभर तिथेच. शहरातली एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत तीनदा वर, तीनदा खाली.

मी घेण्याच्या बेतात आहे. नको म्हणणाऱ्यांनी कारण सांगा. "रिस्क आहे" हे कारण नव्हे.

शंकासुर:
तासांचा हिशेब झकास. फक्त ती हायवेवरच चालली हे तुम्हाला कुणी सांगितलं? विकणाऱ्यानेच ना? "ही गाडी मी आठ वर्षं गल्लीबोळात ब्रेक दाबत चालवली" असं सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचाय.

आता कारण देतो. इंजिन टिकेल, मान्य. पण या वयात एकटं इंजिन म्हातारं होत नाही. टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा), व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलायला ऑइल वळवणारा भाग), सगळ्यांची संध्याकाळ आगेमागे याच सुमारास होते. आणि गाडीची किंमत पडते, तशी सुट्या भागांची पडत नाही. गाडी तुम्हाला नव्याच्या पाव किमतीत मिळेल. गिअरबॉक्स पाव किमतीत कोण देणार? त्याचा भाव नव्या गाडीच्या हिशेबानेच लागतो. साध्या पेट्रोल मॅन्युअलमध्ये यातल्या निम्म्या वस्तू नसतातच, त्यामुळे त्या बिघडण्याचा प्रश्नही येत नाही.

निवांत:
शंकासुर यांच्याशी सहमत. जवळच्या एकाने अशीच घेतली होती, हाय प्रेशर पंप आतून घासायला लागला. त्याचा धातूचा चुरा डिझेलबरोबर रेलमधून (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी) इंजेक्टरपर्यंत पोचला. नुसता पंप बदलून भागलं नाही. पंप, रेल, चारही इंजेक्टर, शिवाय टाकी आणि पाइप धुणं. बिल बघून त्याने गाडी तिथेच सोडून यायचा विचार केला होता.

काळेहात:
गॅरेजवाला आहे, त्यामुळे दोघांनाही थोडं टोचणार.

इतकी चर्चा झाली, पण ऑटोमॅटिक म्हणजे कुठली हे कुणी विचारलंच नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाली, ड्युअल क्लचवाली (दोन क्लच आळीपाळीने चालणारी) की एएमटी? तीन वेगळी जनावरं आहेत. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच तुमच्याऐवजी यंत्र दाबतं आणि गिअरही तेच बदलतं. प्लेट तशीच झिजते आणि ट्रॅफिकमध्ये जास्तच झिजते. ड्युअल क्लचमध्ये ओला (ऑइलमध्ये चालणारा) आणि सुका असे दोन प्रकार. ओल्या सहा गिअरवाल्या डीएसजीला (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच) दर ६०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला कंपनीनेच सांगितलंय. सुका सात गिअरवाला मुळात कमी टॉर्कच्या इंजिनांसाठी बनवलेला, सतत रखडत्या ट्रॅफिकमध्ये त्याचे क्लच तापतात. मला विचाराल तर जास्त पळालेल्या डिझेलला टॉर्क कन्व्हर्टरच बरा. डिझेलचा खालच्या आरपीएमचा दणका तो ऑइलमध्ये पचवतो. मॅन्युअल डिझेलमध्ये क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के गिळणारं दोन तुकड्यांचं जड चाक) ही जोडगोळी कधी ना कधी खर्च काढतेच, यात ती सहसा नसते. म्हणून "मॅन्युअल म्हणजे बिनखर्ची" हे शंकासुरांनी डिझेलबाबत तरी मनातून काढावं.

आता धागाकर्त्यांना. किलोमीटर बघू नका म्हणता, बरं. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते बघितलंत?

चौथा_गिअर:
टॉर्क कन्व्हर्टरवालीच आहे. ऑइलबद्दल विचारलं तर मालक म्हणाले, "लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही." गाडीच्या माहितीपुस्तिकेतही तसंच छापलंय.

काळेहात:
लाइफटाइम, पण कुणाच्या लाइफचं? पहिल्या मालकाच्या. झेडएफ ही कंपनी कितीतरी गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. गाडी बनवणारे "बदलू नका" म्हणतात तिथेही झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. ज्याने डबा, म्हणजे गिअरबॉक्स, बनवला त्याचं ऐका.

एक प्रयोग सांगतो. गाडी खाली घेतली आणि ड्रेन बोल्टचे दोन थेंब पांढऱ्या टिश्यूवर घेतले. नवं ऑइल बहुतेक लाल असतं, थोडं जुनं तांबूस चहासारखं. ते चालतं. काळं असेल, थेंबाच्या मधोमध गडद ठिपका राहत असेल आणि नाकाजवळ नेल्यावर करपल्याचा वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळल्यात. गुलाबी दुधासारखं निघालं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय. मग किंमत कितीही खाली येऊ द्या, उठून या.

एकदा_पोळलो:
असहमत, आणि जोरात असहमत. मी हेच ऐकून १,७०,००० ला ऑइल बदललं. पहिल्यांदाच. तीन आठवड्यांत गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम नुसतेच चढायला लागले, ओढ शून्य. जुन्या डब्याचं ऑइल कधी बदलू नये. झिजलेल्या प्लेटांचा चुरा त्या ऑइलमध्ये असतो, त्याच्याच जोरावर पकड टिकून असते. ऑइल गेलं की पकडही गेली.

काळेहात:
पोळलो साहेब, एकच विचारतो. बदलायला का नेली होती?

एकदा_पोळलो:
झटके मारत होती. म्हणूनच तर नेली.

काळेहात:
बघा. दुखणं आधीच होतं, दोष औषधावर आला. चुऱ्यावर टिकलेली पकड म्हणजे आणखी काही हजार किलोमीटरची उसनवारी. तुमचं एक मात्र खरं आहे. कधीच न बदललेल्या डब्याला मशीन लावून दाबाने फ्लश मारू नये. नुसतं बोल्ट उघडून सोडलं तर निम्म्याच्या आसपासच ऑइल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायचं, फिल्टरसकट. पातळीही कंपनीने दिलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघायची. अर्धा लिटर कमी भरून "झालं" म्हणणारे भरपूर आहेत. तुमच्याकडे तेच झालं असेल असं म्हणत नाही. पण शक्य आहे.

शंकासुर:
म्हणजे वाद मिटला की. ज्याचं ऑइल कधी बदललं नाही तो डबा बदलला तरी धोका, न बदलला तरी धोका. धागाकर्त्यांची गाडी नेमकी तशीच आहे. तास मोजून काय फायदा?

चौथा_गिअर:
हे मान्य करावं लागेल. आकडा निरुपयोगी हे माझं मत कायम आहे, पण "हायवेची आहे" एवढ्यावर निघालो होतो तो आळस माझाच.

मीनलवाचते:
मध्येच विचारते. ऑफिस घरापासून सहा किलोमीटर, महिन्यातून एखादा लांबचा प्रवास. मला डिझेल ऑटोमॅटिक चालेल का? चालवायला फार आवडली.

काळेहात:
नको ताई. डीपीएफ असलेली तर अजिबात नको. त्यात साचलेली काजळी जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने गाडी पळावी लागते. सहा किलोमीटरमध्ये इंजिन कुठे नीट तापतंय तोच तुम्ही पार्किंग शोधायला लागता. जाळण्याचं काम अर्धवट राहतं, त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. लोक खूश होतात, "ऑइल खातच नाही हो!"

चौथा_गिअर:
याला माझंही अनुमोदन. मी रोज जाऊनयेऊन ११० किलोमीटर करतो म्हणून डिझेल बघतोय. नाहीतर डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

जुनाबोनेट:
माझी स्वतःची २,६०,००० झाली, टॉर्क कन्व्हर्टर, डब्याचं ऑइल दोनदा बदललं. तक्रार नाही. बघायला गेल्यावर एवढं करा. आधी कळवा की इंजिन थंड हवंय, आणि पोचल्यावर बोलण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. थंड गाडी डी मध्ये टाका, मग आर मध्ये. दोन सेकंद विचार करून धप्पकन बसली तर ते दुखणं. नंतर चाळीस मिनिटं चालवा, कारण ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावरच खरी घसरण दिसते. ताशी ६०-७० ला ॲक्सिलरेटर हलका ठेवून ऐका. रस्त्यावर बारीक पट्टे आहेत असा थरथराट आला आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केल्यावर तो थांबला, तर कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) बिघडलाय.

आणि साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) न्या. त्यात "कोड पुसल्यापासूनचं अंतर" असा एक आकडा मिळतो. लोक फक्त एरर आहे का बघतात. एरर काल रात्री पुसला असेल तर तो दिसणार कसा? हा आकडा सांगतो.

शंकासुर:
हे उपयोगाचं. तरी सांगतो, इतकी नाडीपरीक्षा करून घ्यावी लागणारी गाडी मी घेणार नाही. कमी पळालेली पेट्रोल घेईन आणि रविवारी झोपेन.

जुनाबोनेट:
झोपा की. फक्त ती "कमी पळालेली" खरंच कमी पळालीय का, एवढं बघून झोपा. मीटर मागे फिरवला तरी इतर कंट्रोल युनिटमध्ये खरे किलोमीटर राहिलेले असू शकतात. पेट्रोलमध्येसुद्धा.

चौथा_गिअर:
आज गेलो होतो. आठवड्याचा वृत्तांत.

थंड ठेवा म्हणून आदल्या दिवशी फोन केला होता. पोचलो, गप्पा सुरू व्हायच्या आत बॉनेटवर हात ठेवला. कोमट. मालक म्हणाले, "आत्ताच धुवून आणली." गाडी धुतलेली होती खरी, टायरच्या खोबणीत पाणी होतं. पण धुवायचं ठिकाण समोरच्याच कोपऱ्यावर.

डी, आर ठीक. गरम झाल्यावर तिसऱ्यात जाताना एकदा आरपीएम दोनेकशे वर उडाले, पुढे नाही. मालकांनी लगेच रेडिओचा आवाज वाढवला, हा योगायोग धरू. शेवटी स्कॅनर लावला. एरर एकही नाही. कोड पुसल्यापासूनचं अंतर: १४ किलोमीटर. आम्ही नुकतेच बारा-तेरा चालवून आलो होतो.

नाही घेतली. दुसरी एक सापडलीय, २,३८,००० ची, डब्याच्या ऑइलची दोन बिलं आहेत म्हणतात. शनिवारी बघतोय.

शंकासुर:
दोन लाख अडतीस! आकडा वर चाललाय तुमचा.

काळेहात:
बिलांवर किलोमीटर लिहिलेत का बघा. आणि फिल्टर लावल्याची नोंद आहे का. नसेल तर एकच बिल धरा.