स्लो कुकरमधलं थाय पीनट चिकन: कोणी केलंय का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. नणंद परदेशी शिफ्ट झाली आणि तिच्या घरातलं जे जे कोणालाच नको होतं ते सगळं आमच्याकडे आलं, त्यात एक साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे विजेवर तासन्तास मंद शिजवणारं भांडं, तो पण होता. सहा महिने माळ्यावर पडून होता. मी कासारवडवलीला राहते, ऑफिसातून यायला घोडबंदरच्या कृपेने साडेआठ तरी वाजतातच, म्हटलं सकाळी चढवून गेलं की रात्री आयतं ताट वाढून घेता येईल. थाय पीनट चिकन करायचं ठरवलं कारण नवऱ्याला आवडतं आणि शेंगदाणे तर काय घरात असतातच.

तर मी काय केलं, नेहमीच्या कुकरला लावतो तसं सगळं एकदम टाकलं. बोनलेस ब्रेस्टचे तुकडे, दोन वाट्या पाणी, डब्यातलं नारळाचं दूध, बाजारचं पीनट बटर, सोया सॉस, आलं-लसूण, लिंबू. लो वर ठेवून साडेआठला निघाले. रात्री झाकण काढलं तर वर तेलाचे थेंब, खाली तपकिरी पाणी, मध्ये नारळाच्या दुधाचे फाटल्यासारखे कण आणि चिकनचं पार सुतळीसारखं झालेलं. वर पीनट बटर साखरवालं निघालं. मुलगा म्हणाला याच्यात पोळी बुडवू की मी पोहायला जाऊ.

टाकवेना म्हणून दोन दिवस खाल्लं. आता तुम्ही सांगा. पाणी किती, दूध कधी, हाडवालं की बोनलेस, बटर की आपलं कूट? फसलेलं पण लिहा, लाजू नका, मी सुरुवात केलीच आहे.

कोपरखैरणे

ताई, पाणी शून्य. खरंच शून्य. या भांड्यातून वाफ बाहेर जातच नाही, काचेच्या झाकणाला लागून परत खाली पडते, शिवाय चिकन स्वतःचं पाणी सोडतं ते वेगळंच. मी ७०० ग्रॅमला अर्धी वाटी नारळाचं पातळ दूध घालतो, तेही सवयीने. आणि ब्रेस्ट नको. चिकनवाल्याला सांगायचं लेगचं बोनलेस काढून दे, तो कुरकुर करतो, थोडे पैसे जास्त घेतो, पण त्यात चरबी असते म्हणून पाच तास टिकतं. ब्रेस्टच हवं असेल तर लो वर तीन तासांच्या आसपास बघायला लागायचं, म्हणजे तुम्ही ऑफिसात असताना ते कोण बघणार.

फ्रीझरमधला गोठलेला पॅक तसाच कधी टाकू नका. भांडं इतकं हळू तापतं की बर्फ वितळून चिकन खूप वेळ नुसतं कोमट राहतं, जंतूंना तेच पाहिजे असतं. रात्रीच फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचं.

वाशी

माझा अनुभव चिकनचा नाही, धुराचा आहे. मेव्हण्याने अमेरिकेहून बॅगेत घालून मोठा सहा क्वार्टवाला कुकर आणला, एवढं ओझं वाहून आणलं त्याने. मी पिनचा अॅडाप्टर लावला आणि चालू केला, कारण अॅडाप्टर म्हणजे काम झालं असं मला वाटत होतं. अॅडाप्टर नुसता पिन बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. जवळपास दुप्पट व्होल्टेज म्हटल्यावर हीटर पावणेचार पट पॉवर खेचतो, हे नंतर भाच्याने कागदावर करून दाखवलं, तो इंजिनिअरिंगला आहे. वीस मिनिटांत वायरीचा वास, मग धूर, आणि आतलं शेंगदाण्याचं वाटण एका बाजूने काळं ठिक्कर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला असता तर चाललं असतं, पण तेवढ्यात इथला नवीन कुकर अर्धा आला असता. आता त्या आतल्या चिनी मातीच्या भांड्यात बायकोने कढीपत्ता लावलाय. छान आलाय.

ऐरोली

मी कामानिमित्त दोन वर्षं बँकॉकला होते म्हणून चार ओळी जास्त लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

आपण ज्याला थाय पीनट चिकन म्हणतो, म्हणजे पीनट बटर आणि सोया सॉसवालं, ते मला तिकडे कुठल्याच खानावळीत त्या रूपात दिसलं नाही. ते अमेरिकन स्वयंपाकघरातलं आहे, थाय चवीवर बेतलेलं. तिकडे शेंगदाणा भेटतो तो सातेच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या, चटणीत. साते मूळचं जावाचं, थायलंडमध्ये गेल्यावर तिथलंच झालं. गाडीवर बहुतेक डुकराच्या मांसाचं असतं, बरोबर काकडी-कांदा-मिरचीचं आंबटगोड लोणचं आणि कधीकधी भाजलेला पाव. दुसरा शेंगदाणा मसमन करीत, त्यात दालचिनी, वेलची, लवंग पण असतात, म्हणून खाताना आपल्याकडच्या मटणाची आठवण येते. आणि तिसरा एक प्रकार, फ्रा राम लोंग सोंग, म्हणजे स्नानाला उतरलेला प्रभू राम. खाली उकडलेली हिरवी पालेभाजी, वर मांसाचे काप आणि शेंगदाण्याचा रस्सा. मी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा वेट्रेसला तीनदा विचारलं.

आता तुमचं दूध फाटलं त्याबद्दल. थाय बायका दूध मुद्दाम फोडतात, पण सुरुवातीला. नारळाच्या दुधाची वरची जाड साय कढईत घालून तेल सुटेपर्यंत परततात आणि त्या तेलात वाटण भाजतात, आपण खोबरं-कांद्याचं वाटण परततो तसंच. स्लो कुकरमध्ये काहीच परतलं जात नाही, कारण तिथे उकळीच्या वर तापमान जात नाही. त्यामुळे मी दहा मिनिटं गॅस वापरतेच. अर्धी वाटी जाड दूध, त्यात दोन चमचे लाल करी पेस्ट, खमंग वास आला की मग भांड्यात. उरलेलं दूध शेवटच्या अर्ध्या तासात. लिंबू तर गॅस, वीज सगळं बंद केल्यावर, आधी पिळलं तर त्याचा वास मरतो.

तिथलं गलांगल म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं कुलंजन, त्याच जातीतलं, पण ते वाळलेलं असतं, ओल्याची सर येत नाही. मी आलंच घालते. गवती चहा मात्र आपल्याकडे कुंडीत असतो, फक्त आपण पाती वापरतो आणि ते खालचा पांढरा दांडा. दांडा ठेचून टाका आणि वाढताना काढा.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे

थाय पदार्थांत घालतात तो फिश सॉस नाय मिळाला म्हणून कोणी थांबू नका. आमच्यात घरात जवळा, सुकवलेली बारकी कोळंबी, असतोच. तो कोरडा भाजून मिक्सरला फिरवला, एक चमचा पूड टाकली वाटणात. घरातली पोरं म्हणाली याला हॉटेलसारखा वास येतो. नंतर वाचलं की थाय लोकांची कापी म्हणून जी कोळंबीची पेस्ट असते ती पण असल्याच बारक्या जवळ्याची बनवतात, मीठ लावून आंबवून. म्हणजे घरचाच माल.

मी पीनट बटर विकत आणत नाही. दोन वाट्या दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं चोळून पाखडायची, दाणे कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. आधी कूट होतं, मग भांड्याच्या कडेला चिकटून बसतं, चमच्याने खाली ढकलायचं, मग गोळा होतो आणि मिक्सर रडायला लागतो, तेव्हा बंद करून दोन मिनिटं थांबायचं. परत फिरवलं की एकदम सैल पडतं, तेल सुटतं, चमच्यावरून धार लागते. तिथपर्यंत गेलं पाहिजे. नुसतं कूट घातलं तर रवाळ लागतं आणि तळाला बसतं.

आमच्या आजीने चाखलं, म्हणाली बरंय पण कोंबडीला गूळ कशाला. दुसऱ्यांदा वाढून घेतलंन तरी.

नौपाडा, ठाणे

आम्ही शाकाहारी, पण धागा वाचून राहवेना. शेंगदाणे, नारळ, गूळ, आंबट, तिखट. एवढं सगळं असलेल्या पदार्थाला आमच्याकडे दाण्याची आमटी म्हणतात आणि ती उपासाला करतात. फक्त लिंबाऐवजी आमसूल, सोया सॉसऐवजी सैंधव. असो. मुलीने तिचं यंत्र आमच्याकडे आणून ठेवलंय म्हणून सुरण आणि रताळी घालून केली. सुरण आधी चिंचेच्या पाण्यात वाफवून घेतला, नाहीतर घसा खवखवतो. चार तास हाय वर. उत्तम झाली. पण खरं सांगायचं तर हीच गोष्ट पातेल्यात पंचवीस मिनिटांत होते.

यंत्राची हकीगत मात्र आवडली मला. आयर्विंग नॅक्सन नावाच्या गृहस्थाला १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या विल्नियसची, तिकडे ज्यू लोक शुक्रवारी संध्याकाळी कडधान्याचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, चूल न पेटवता गरम जेवण मिळे. त्यावरून त्याला सुचलं. क्रॉक-पॉट या नावाने १९७१ पासून विक्री सुरू झाली. आमच्याकडेही चूल विझवताना राखेत दुधाचं भांडं ठेवायचेच की, पण पेटंट घ्यायचं कोणाला सुचलं नाही.

जाता जाता, कोणी यात राजमा करणार असेल तर आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळा. लो वर कच्चा राजमा शिजवला तर त्यातलं विषारी द्रव्य जात नाही आणि मग ओकाऱ्या होतात.

खारघर

आम्ही तीन मुलं एका फ्लॅटमध्ये राहतो आणि तिघांची मिळून अक्कल एकाची असते. रविवारी रात्री चिकन मॅरिनेट करून ठेवलं, सोमवारी सकाळी चालू करून तिघेही गेलो. संध्याकाळी आलो तर भांडं गरम, वास मस्त, एकजण ताट घेऊन बसलाच. मी सहज मायक्रोवेव्हकडे बघितलं तर त्याचं घड्याळ शून्यावर लुकलुकतंय. म्हणजे दिवसा लाईट गेली होती. किती वेळ? खालच्या वॉचमन काकांना विचारलं, ते म्हणाले साडेनऊ-दहाला गेली ती दीड वाजता आली. आमचा कुकर बटण फिरवायचा साधा, लाईट आल्यावर आपोआप परत चालू झाला, त्यामुळे वरून काहीच कळत नव्हतं. म्हणजे अर्धं कच्चं चिकन साडेतीन तास कोमट राहून मग शिजलं. फेकलं. जो ताट घेऊन बसला होता तो अजून बोलत नाही नीट.

आता नियम केलाय. घरात कोणीतरी असेल तरच चिकन, नाहीतर नाही. डिजिटलवाले लाईट आल्यावर बहुतेक चालूच होत नाहीत, ते एका अर्थी बरं, निदान कळतं तरी.

नेरूळ

आमच्याकडे प्रॉब्लेम झाकणाचा. सासूबाई दिवसभर घरी, त्यांना बिचाऱ्यांना चैन पडत नाही, दर अर्ध्या तासाने उघडून ढवळायच्या. प्रत्येक वेळी सगळी वाफ जाते आणि शिजायला वीस-तीस मिनिटं वाढतात. पाच तासांनीही चिकन गुलाबी. मला बोलताही येईना, कारण आई ढवळतात ते प्रेमाने. शेवटी नवऱ्याने झाकणावर कागद चिकटवला, "उघडू नये, आतमध्ये प्रयोग सुरू आहे". आईंनी त्याखाली पेनाने लिहिलं, "प्रयोगाला मीठ घातलंय का?" नव्हतं घातलं.

शिजलं की नाही ते बघायला मी आता थर्मामीटर वापरते, सगळ्यात जाड तुकड्यात ७४ डिग्री दिसलं की झालं.

माजिवडा

एकच विनंती. बिल्डिंगमधल्या मुलांना वाढणार असाल तर आधी आईला विचारा. माझ्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे आणि या रश्श्यात दाणे दिसत नाहीत, चिकन करी आहे असंच वाटतं. मी त्याच्यासाठी भाजलेल्या तिळाची पेस्ट घालते, त्याला तीळ चालतात म्हणून. थोडी कडसर लागते, गूळ किंचित वाढवायचा.

कासारवडवली, परत मीच

सगळ्यांचं वाचून शनिवारी पुन्हा केलं. शनिवारीच, खारघरच्या मुलांमुळे. लेगचं बोनलेस ७०० ग्रॅम. जाड दुधात लाल पेस्ट परतून घेतली, तेल सुटलेलं बघून पहिल्यांदा बरं वाटलं. घरचं दाण्याचं बटर अर्धी वाटी, मिक्सर रडला तिथे थांबले आणि मग पुढे गेले. सोया सॉस दोन चमचे, गुळाचा खडा, आलं-लसूण, गवती चहाचे दोन दांडे. पाणी नाही, हात शिवशिवत होता तरी नाही. सव्वा चार तास लो वर, मग लाल सिमला मिरची आणि उरलेलं दूध, अजून अर्धा तास. बंद करून लिंबू, वरून कोथिंबीर आणि भरड दाणे. जवळा पण घातला, नवऱ्याला सांगितलं नाही.

तरी थोडं पातळच होतं, एक चमचा कॉर्नफ्लोअर लावावं लागलं. कडेला बटराचा एक काळपट पट्टा धरला होता, म्हणजे पुढच्या वेळी बटर निम्मं आधी आणि निम्मं नंतर घालणार. पण चिकन चमच्याने तुटत होतं आणि सुतळी झाली नव्हती.

दुपारी शेजारच्या काकू बेल वाजवून म्हणाल्या, "लिफ्टपर्यंत वास येतोय, आज उपास का गं? दाण्याची आमटी केलीस?" मी हो म्हटलं. चतुर्थी होती त्या दिवशी, काय सांगणार.

उरलेल्याचा फ्रीजमध्ये गोळा झाला होता. सोमवारी सकाळी अर्धी वाटी गरम पाणी घालून ढवळलं आणि मुलाला डब्यात पोळीबरोबर दिलं. डबा रिकामा आला.