मदत हवी आहे: आईच्या खराब दातांसाठी सरकारी की प्रायव्हेट, की एकेक दात बघून ठरवायचं?

नमस्कार, आईच्या दातांबद्दल सल्ला हवाय. वय साठीच्या पुढे, डायबिटीस आहे पण गोळ्यांवर साखर बऱ्यापैकी आटोक्यात असते. आधी सरकारी हॉस्पिटलच्या दातांच्या विभागात दाखवलं, मग एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये, आणि एकच तोंड बघून दोघांनी इतके वेगळे उपाय सांगितलेत की आता कुठला कागद धरून चालायचं तेच कळेना. पैशांचा प्रश्न आहेच, नाही असं म्हणणार नाही, पण नुसता तेवढाच नाहीये. जे काही करू ते तिला पुढची बरीच वर्षं पुरलं पाहिजे आणि तिला नीट चावता आलं पाहिजे.

परिस्थिती अशी आहे. खाली उजवीकडच्या मोठ्या दाढेची एक भिंत तुटून गेलीये. ही दाढ मध्ये भयंकर ठणकायची, रात्रीची झोप नाही, आणि मग अचानक दुखायचं थांबलं. आई म्हणाली बरी झाली. दोन्हीकडच्या डॉक्टरांचं यावर मात्र एकमत आहे की बरी झाली नाही, आतली नस मेली म्हणून दुखत नाही, इन्फेक्शन मुळाशी चालूच आहे, एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाला काळा डाग दिसतोय. वर डावीकडच्या दाढेत मोठा खड्डा आहे, गार पाणी लागलं की कळ येते पण दोन-तीन सेकंदांत जाते, आपोआप दुखत नाही. पुढच्या एका दाताचं जुनं फिलिंग निघून कड उडालीये. आणि आणखी एका दाढेचं वरचं सगळं जाऊन नुसतं मूळ हिरडीत राहिलंय, ते कित्येक वर्षं तसंच आहे.

सरकारीवाले म्हणाले खालची दाढ काढून टाका, ते मूळ पण काढा, वरच्या दाढेत सिमेंट भरू, पुढच्या दाताला दाताच्या रंगाचं फिलिंग करू, झालं. रूट कॅनाल (नस काढून मूळ आतून साफ करून भरणं) तिथे होतं पण नंबर खूप उशिरा लागतो, आणि कॅप तिथे बनत नाही, ती बाहेरून करून घ्यावी लागेल. प्रायव्हेटमध्ये म्हणाले खालची दाढ वाचेल, रूट कॅनाल, आत पोस्ट (मुळात बसवायचा छोटा खांब) आणि वर कॅप. वरच्या दाढेलाही रूट कॅनाल आणि कॅप. पुढच्या दातालाही झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची कॅप. मूळ काढून तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात. आणि सगळं एकत्रच पॅकेजमध्ये, लवकर सुरू करा म्हणाले.

मला दोघांपैकी कोणी फसवतंय असं म्हणायचं नाहीये. सरकारी ठिकाणी बाहेर एवढी रांग असते, खुर्च्या मोजक्या, दाढ काढली की एका बैठकीत इन्फेक्शनचा उगमच जातो आणि पुढच्या पेशंटला वेळ मिळतो, त्यामुळे त्यांचा कल तिकडे जाणार हे मी समजू शकते. प्रायव्हेटमध्ये वेळ देतात, शांतपणे बोलतात, आईचा हात धरून तिची भीती घालवली त्या डॉक्टरांनी, त्याचं मला खरंच मोल वाटतं, पण जितकं काम जास्त तितकं बिल जास्त हे पण तितकंच खरं. दोघांच्या अडचणी त्यांच्या त्यांच्या जागी आहेत, पण त्या अडचणींमुळे आईची दाढ जायला नको किंवा जिवंत नस मारली जायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून मी "सरकारी की प्रायव्हेट" असं सगळ्या तोंडाचं एकदम ठरवायच्या ऐवजी एकेका दाताचा विचार करतेय. आणि तिथेच अडकलेय.

खालची दाढ वाचवण्यासारखी आहे की नाही हे कशावरून ठरवतात? प्रायव्हेटमध्ये "वाचेल" म्हणाले, सरकारीत "काही उरलं नाही" म्हणाले, पण नेमकं किती उरलंय हे कोणीच दाखवलं नाही.

वरच्या दाढेचं मला सगळ्यात जास्त खटकतंय. गार लागून कळ लगेच जात असेल तर नस जिवंत असण्याची शक्यता बरीच असते असं वाचलंय, मग थेट रूट कॅनाल कशाला? पण मग नुसतं सिमेंट भरून आत कीड राहिली आणि सहा महिन्यांनी तीच दाढ ठणकायला लागली तर?

तिसरं, काम वाटून घेता येतं का? म्हणजे दाढ काढणं, मूळ काढणं, सफाई सरकारीत आणि रूट कॅनाल-कॅप बाहेर. किंवा रूट कॅनाल सरकारीत आणि फक्त कॅप बाहेर. यात उद्या काही बिघडलं तर एक म्हणणार त्यांचं रूट कॅनाल कच्चं होतं आणि दुसरे म्हणणार यांची कॅप नीट नव्हती, आणि मध्ये आई. ज्यांनी असं केलंय त्यांनी प्लीज सांगा.

आणि डायबिटीस असताना इम्प्लांटचा विचार तरी करावा का? आई स्वतः म्हणते मला ते स्क्रू-बिक्रू काही नको. प्लीज सविस्तर लिहा, नुसतं "चांगल्या डॉक्टरला दाखवा" असं नको, दाखवूनच आलोय.

प्रतिसाद:

ताई, मी डेंटिस्ट आहे, आधी सरकारी विभागात काम केलंय आणि आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. तोंड न बघता निर्णय सांगता येणार नाही पण काय विचारायचं ते सांगतो.

खालची दाढ: सगळी कीड काढल्यावर हिरडीच्या वर चांगला, भक्कम दात चहूबाजूंनी साधारण दीड ते दोन मिलिमीटर उरतो का, हा खरा प्रश्न. कॅप त्या उरलेल्या दाताला कवेत घेते, म्हणून ती टिकते. तेवढं नसेल तर आत पोस्ट घालूनही काही काळाने दाढ तुटते किंवा मूळच चिरतं आणि सगळा खर्च वाया जातो. तुटलेली कड हाडाच्या खाली गेली असेल तर काढणंच बरं. हे तपासायला पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे पुरत नाही, त्या एका दाढेचा छोटा एक्स-रे लागतो. दोन्हीकडे हाच प्रश्न याच शब्दांत विचारा. जो डॉक्टर आरसा देऊन "हे बघा, इथे एवढं उरलंय" असं दाखवेल त्याचं ऐका, बोर्ड सरकारी असो की खाजगी.

वरची दाढ: तुमची शंका योग्य आहे. आधी नस तपासायची, गार टेस्ट करून बाजूच्या चांगल्या दाताशी तुलना करायची. कळ लगेच जात असेल आणि मुळाशी डाग नसेल तर कडेची कीड पूर्ण साफ करून, नसेच्या अगदी जवळचा मऊ थर थोडा मुद्दाम ठेवून वर घट्ट फिलिंग करता येतं. आत अडकलेल्या जंतूंना बाहेरून साखर मिळाली नाही की कीड थंडावते. कीड ठेवली म्हणजे काम कच्चं केलं असं नाही, ही मान्य पद्धत आहे, फक्त वरचं फिलिंग गळकं नको. आणि त्या "सिमेंट"ला कमी समजू नका, ते म्हणजे ग्लास आयोनोमर, ते हळूहळू फ्लोराइड सोडतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. चावायच्या मोठ्या भागात ते झिजतं हे खरं, त्यामुळे नंतर वरून कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगचा थर द्यावा लागेल. पुढे नस बिघडलीच तर रूट कॅनाल तेव्हाही करता येईल. एकदा काढलेली नस मात्र परत येत नाही.

पुढचा दात: बराचसा दात शाबूत असेल तर कंपोझिट पुरे. कॅपसाठी दात चारी बाजूंनी घासावा लागतो आणि वरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीर पुन्हा कधीच तयार करत नाही. मूळ राहिलंय ते सरकारीत निर्धास्त काढून घ्या, तिथल्या लोकांचा दाढा काढण्यात हात बसलेला असतो.

डायबिटीस आटोक्यात असेल तर यातलं काहीच निषिद्ध नाही, इम्प्लांटही नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत न्या, सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या चुकवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

एक महत्त्वाचं. खालच्या दाढेचा निर्णय लांबवू नका. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो त्यामुळे अँटिबायोटिक तिथे पोचत नाही, गोळ्यांनी सूज उतरेल पण कारण आत तसंच राहील. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला किंवा सोबत ताप आला तर नंबर-वेटिंग काही बघायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं.

प्रतिसाद:

काम वाटून घेण्याबद्दल लिहिते. आमच्याकडे बाबांचं रूट कॅनाल डेंटल कॉलेजात झालं आणि कॅप बाहेर. कॉलेज हा तुमच्या दोन पर्यायांच्या मधला तिसरा पर्याय आहे, तो बघाच. पोस्ट ग्रॅज्युएशन करणारे विद्यार्थी करतात, पण सर किंवा मॅडम प्रत्येक टप्पा तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, रबराचा पडदा लावून करतात त्यामुळे लाळ आत जात नाही. वेळ मात्र खूप लागतो, बैठका लांब असतात, वयस्कर माणसाचा जबडा दुखून येतो, तेव्हा तोंड उघडं ठेवायला आधार मागून घ्या आणि मध्ये मध्ये थांबायला सांगा, लाजू नका.

जबाबदारीचं म्हणाल तर रूट कॅनाल संपल्यावरचा शेवटचा एक्स-रे आणि कुठल्या दाढेचं काय केलं याची लेखी नोंद मागून घ्या. बाहेरच्या डॉक्टरांनी तो एक्स-रे बघून "यावर मी कॅप बसवतो" असं म्हटलं की निम्मा वाद तिथेच मिटतो. आणि कॅप कोण करणार, कधी करणार हे रूट कॅनाल सुरू करायच्या आधीच ठरवा. तात्पुरतं फिलिंग काही आठवड्यांचंच असतं, ते गळायला लागलं की आत परत जंतू जातात आणि चांगलं झालेलं काम बिघडतं. शिवाय रूट कॅनाल झालेली पोखरलेली दाढ कॅपशिवाय चावताना उभी चिरू शकते.

मूळ धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार, इतकं नीट आम्हाला समोर बसूनही कोणी सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, "गोळ्यांनी सूज उतरेल पण कारण आत तसंच राहील" हे ऐकून तिने स्वतःच जाऊया म्हटलं, नाहीतर दुखत नाही तर कशाला म्हणून बसली होती.

आता असं ठरतंय. मूळ सरकारीत काढायचं आणि सफाईही तिथेच. खालच्या दाढेचा छोटा एक्स-रे काढून कॉलेजात आणि त्या प्रायव्हेट डॉक्टरांना, दोघांनाही किती उरलंय ते विचारायचं. वरच्या दाढेची नस तपासल्याशिवाय रूट कॅनालला हो म्हणायचं नाही. पुढच्या दाताला कॅप नको. पॅकेजला नाही सांगितलंय, एकेक काम लिहून द्या म्हटलं, तर त्यांनी शांतपणे लिहून दिलं, त्याचं बरं वाटलं.

दोनच शंका उरल्यात. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप चालेल का, की झिरकोनियाच घ्यावी? आणि दाढ काढावीच लागली तर रिकाम्या जागेचं त्याच वेळी ठरवावं लागतं का?

प्रतिसाद:

पहिल्यावाला डेंटिस्टच परत. मागे, जिथे हसताना दिसत नाही तिथे पूर्ण धातूची कॅप उत्तम, तिला दात कमी घासावा लागतो आणि वरून तुकडा उडायची भीती नाही. फक्त एखाद्या धातूची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

जागेचं त्याच दिवशी ठरवायची गरज नाही. जखम आणि हाड भरायला काही महिने जातात. तोवर आईंना त्या बाजूने चावायला किती अडचण होते ते बघा. फार वर्षं रिकामी ठेवली तर समोरची दाढ खाली-वर सरकते, बाजूची कलते आणि तिथले हाड झिजते, पण अगदी शेवटची दाढ असेल तर काहींना काहीच न बसवताही चालून जातं. काढता-घालता येणारी छोटी कवळी सरकारीत किंवा कॉलेजात होते. ब्रिजसाठी, म्हणजे बाजूच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दातासाठी, बाजूचे चांगले दात घासावे लागतात, ते आधी विचारून घ्या. इम्प्लांट आईंना नको असेल तर आग्रह करू नका. एक्स-रे झाला की इथे टाका, त्यावरचं नाव झाकून.